पहिला नंबर फॉक्सला महागात पडला

पुणे

प्रिय विनय,

तुझं पत्र पोचलं. साठच्या दशकातल्या अमेरिकी चित्रपटांच्या कमाईचा आकडा प्रत्येक यादीत वेगळा का, असं विचारलंयस. त्या काळी ‘व्हरायटी’ हे तिथल्या सिनेधंद्याचं पत्र दर जानेवारीत यादी छापायचं. तिच्यात असायचा वितरकाचा वाटा, म्हणजे थिएटरमालकाने आपला हिस्सा काढून घेतल्यावर स्टुडिओच्या हाती पडणारी रक्कम. तिकीटबारीवरचा सगळा गल्ला साधारण त्याच्या दुप्पट. हल्लीचे लोक या दोन आकड्यांची सरमिसळ करतात आणि मग भांडत बसतात.

तू फक्त वरची नावं बघ. १९६४ चे ‘मेरी पॉपिन्स’, ‘माय फेअर लेडी’, ‘गोल्डफिंगर’. १९६५ चे ‘साउंड ऑफ म्युझिक’, ‘डॉक्टर झिवागो’, ‘थंडरबॉल’. बाँडचे दोन सोडले तर सगळा मामला लांबलचक, घरच्यांना घेऊन बघण्याचा. घरोघरी टीव्ही आला होता, प्रेक्षक १९४६ च्या मानाने निम्म्याहून कमी उरले होते. मग जे घरी दिसणार नाही तेच मोठ्या पडद्यावर द्यायचं, असं स्टुडिओवाल्यांनी ठरवलं.

ते द्यायची रीतही वेगळी होती. त्याला रोड शो म्हणत. एका शहरात एकच थिएटर, दिवसाला दोन खेळ, क्रमांकाच्या खुर्च्या, आगाऊ आरक्षण, चढं तिकीट आणि मध्यंतर. मध्यंतराचं आपल्याला काही वाटणार नाही, पण तिकडे ती खास चैन. असा चित्रपट महिनोन्‌महिने हलायचा नाही आणि लहान गावात उशिरा पोचायचा. बाँडचं उलट. जेमतेम तीस लाख डॉलरमध्ये बनलेल्या ‘गोल्डफिंगर’साठी न्यूयॉर्कच्या डीमिल थिएटरने चोवीस तास खेळ लावले होते! पहाटे चारला बाँड बघणारे कोण असतील, याची मला फार उत्सुकता आहे.

ज्यूली अँड्र्यूजची गोष्ट तुला आवडेल. ‘माय फेअर लेडी’ म्हणजे शॉच्या त्याच नाटकावरचं संगीतक, ज्यावरून पुलंनी ‘ती फुलराणी’ केलं. ब्रॉडवेवर ती फुलवाली अँड्र्यूजने गाजवली होती. पण चित्रपट काढताना निर्माता जॅक वॉर्नरला पडद्यावरचं नाव हवं होतं, म्हणून त्याने ऑड्री हेपबर्नला घेतलं आणि तिची बहुतेक गाणी मार्नी निक्सनकडून गाऊन घेतली. अँड्र्यूज डिस्नेकडे गेली, ‘मेरी पॉपिन्स’ केला आणि त्याच वर्षाचं ऑस्कर घेऊन गेली. ती मार्नी निक्सनही पुढे ‘साउंड ऑफ म्युझिक’मध्ये एक जोगीण म्हणून पडद्यावर दिसते. नीट बघ.

पण मला खरं सांगायचंय ते ट्वेन्टिएथ सेंच्युरी फॉक्सबद्दल. १९६३ मध्ये अमेरिकेत सगळ्यात जास्त कमाई झाली त्यांच्या ‘क्लिओपात्रा’ची, आणि तरीही तो तोट्यात! चार कोटी डॉलरच्या वर खर्च केल्यावर दुसरं काय होणार? स्टुडिओची मागची जमीन आधीच विकून झाली होती. १९६२ मध्ये फॉक्सचा एक संस्थापक डॅरिल झॅनक परत आला, त्याने स्टुडिओ जवळपास बंद केला, बहुतेक माणसं घरी पाठवली आणि निर्मितीचं काम मुलाकडे, रिचर्डकडे सोपवलं.

त्या मुलाच्या हातून ‘साउंड ऑफ म्युझिक’ आला. खर्च सुमारे ८२ लाख डॉलर. २ मार्च १९६५ ला तो न्यूयॉर्कच्या रिव्होली थिएटरात लागला, जिथे दोन वर्षांपूर्वी ‘क्लिओपात्रा’ लागला होता. बड्या समीक्षकांनी त्याला गुळमट ठरवून झोडपलं. लोकांनी ते वाचलं की नाही कोण जाणे. पुन्हापुन्हा बघणाऱ्यांमुळे काही शहरांत तर लोकसंख्येपेक्षा जास्त तिकिटं खपली. १९६६ संपायच्या आत त्याने तोवर कमाईत पहिल्या असलेल्या ‘गॉन विथ द विंड’ला मागे टाकलं. मला विचारशील तर समीक्षकांचं अगदीच चुकलं नव्हतं. पण सुरुवातीच्या त्या डोंगरमाथ्यावर मीही दर वेळी विरघळतो.

पुढे या यशानेच घात केला. फॉक्सला वाटलं, गुरुकिल्ली सापडली: गाणी, भव्यता, तीन तास. ‘डॉक्टर डूलिटल’, मग ‘साउंड ऑफ म्युझिक’चा दिग्दर्शक वाइज आणि नायिका अँड्र्यूज हीच जोडी घेऊन ‘स्टार!’, मग ‘हॅलो, डॉली!’. तिन्हींवर पैसा पाण्यासारखा ओतला आणि तिन्ही अंगावर आले. तोवर तरुण पोरं ‘द ग्रॅज्युएट’च्या रांगेत उभी होती, आणि त्याचा खर्च होता साधारण ‘गोल्डफिंगर’इतकाच. १९७० च्या अखेरीस बापाने पोटच्या पोराला स्टुडिओतून काढलं.

पण रिचर्ड झॅनक काही संपला नाही. डेव्हिड ब्राउनबरोबर त्याने युनिव्हर्सल स्टुडिओसाठी ‘जॉज’ काढला. २० जून १९७५ ला तो अमेरिकेत एकदम चारशेहून जास्त थिएटरांत लागला, आणि त्याआधी टीव्हीवर जाहिरातींचा भडिमार. पहिल्या तीन दिवसांचा गल्ला मोजायची जी सवय तुला छळते, ती तिथून रुजली. एकाच थिएटरात महिनोन्‌महिने चालणाऱ्या खेळावर ज्याचा स्टुडिओ वाचला, त्याच माणसाच्या हातून.

तुमच्या मंडळींना आधी ‘गोल्डफिंगर’ दाखव. ‘झिवागो’ ठेवलास तर रविवारी ठेव, तीन तासांच्या वर आहे. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अविनाश