फी माफ आहे, मग शिष्यवृत्ती कशाला?

दार-एस-सलाम
१२ जुलै

प्रिय सुनंदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. निवृत्तीच्या पैशांतला काही भाग इथल्या मुलींच्या शिक्षणाला द्यायचं ठरवलंस, हे वाचून फार आनंद झाला. आणि तुझा प्रश्नही रास्त आहे. टांझानिया सरकारने २०१६पासून चौथ्या फॉर्मपर्यंत, म्हणजे साधारण आपल्या अकरावीपर्यंत, सरकारी शाळांची फी माफ केली आहे. मग शिष्यवृत्ती कशाला?

अगं, फी गेली. पण गणवेश, बूट, वह्या, पाळीचे पॅड, दुपारच्या जेवणाची वर्गणी हे सगळं घरावरच राहिलं. त्याहून मोठी अडचण अंतराची. प्राथमिक शाळा गावात असते, माध्यमिक मात्र अनेक गावांत मिळून एक. तुझ्या शाळेतल्या मुलींना एसटीचा मोफत पास तरी होता. इथली खेड्यातली मुलगी कितीतरी मैल चालते, नाहीतर शाळेजवळ दोघी-तिघी मिळून भाड्याची खोली घेतात. त्या खोलीला ‘गेटो’ म्हणतात. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरी! स्वतःच रांधायचं, रात्री कडी लावून झोपायचं, घरून आणलेलं मक्याचं पीठ संपलं की उपाशी राहायचं. वाटेत बोडाबोडावाला, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवाला, ‘चल, सोडतो’ म्हणतो, कधी चिप्स खाऊ घालतो, आणि पुढे त्याची वसुली करतो. मुलगी गरोदर राहिली की तिला काढून टाकत आणि सरकारी शाळेत पुन्हा घेत नसत. ती बंदी नोव्हेंबर २०२१मध्ये उठली. पण तान्हं बाळ कुणाकडे ठेवायचं आणि वर्गातल्या नजरा कशा झेलायच्या, हे सरकारी हुकुमाने सुटत नाही. त्यात प्राथमिक शिक्षण स्वाहिलीत आणि माध्यमिक एकदम इंग्रजीत. घरी अभ्यासाला वेळ नसलेली मुलगी तिथेच मागे पडते.

म्हणून मला कॅमफेडचं, म्हणजे इथे आणि आफ्रिकेतल्या इतर काही देशांत गरीब मुलींच्या शिक्षणाला मदत करणाऱ्या संस्थेचं, काम पटतं. १९९१मध्ये तिच्या संस्थापक ॲन कॉटन झिंबाब्वेतल्या मोला गावी गेल्या. मुलींनी शिकणं आईबापांनाच नको असतं, असा तेव्हा सर्रास समज होता. तिथे त्यांना दिसली ती गरिबी. एकाचंच शिक्षण परवडत असेल तर आईबाप मुलाला शाळेत घालत, कारण पुढे पगाराची नोकरी लागली तर त्यालाच. १९९३मध्ये ३२ मुलींपासून काम सुरू झालं. त्या सुरुवातीच्या मुलींपैकीच अँजेलिन मुरिमिर्वा पुढे संस्थेच्या प्रमुख झाल्या.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते पैशांच्या पलीकडचं. शिकून बाहेर पडलेल्या मुलींनी १९९८मध्ये आपली संघटना उभी केली. त्यांतल्या काही आपल्याच भागातल्या शाळेत ‘लर्नर गाइड’ होतात. मुलींशी बोलतात, अभ्यासाला मदत करतात, कुणी दोन दिवस आली नाही तर घरी जाऊन चौकशी करतात. बदल्यात त्यांना धंद्यासाठी बिनव्याजी कर्ज मिळतं. काही ठिकाणी आया मिळून शाळेत दुपारचं जेवण शिजवतात. आपल्याच गावची, आपल्याच परिस्थितीतून आलेली ताई दारात उभी राहते, तेव्हा लग्नाची बोलणी करणारा बापही जरा थबकतो. ते बळ आपल्या पैशांना एकट्याने कधीच येणार नाही.

आता तुझ्या रकमेबद्दल. एका वर्षासाठी दहा मुलींना देण्यापेक्षा दोघींना शेवटपर्यंत दे, असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्या वर्षी मदत थांबली की मुलगी दुप्पट खचते. आणि फोटो, आभाराची पत्रं मागू नकोस. तिच्या गरिबीची ओळख आपल्यापाशी कशाला हवी? पैसे टांझानियासाठीच राखून ठेवता येतात का, आणि भारतातून पाठवायला काय कागद लागतील, हे मी विचारून कळवते. तोवर ती ठेव मोडू नकोस.

भाऊजींना नमस्कार, नातवाला गोड पापा.

तुझी,
वासंती