नवी यंत्रे आणि हरवलेला विसावा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

कार्यालयात नवी संगणकप्रणाली आली की चर्चा होते ती आता किती माणसे कमी लागतील याची. उरलेल्यांच्या डोळ्यांचे, मानेचे आणि मनगटांचे काय होईल, हा मात्र ज्याचा त्याचा वैयक्तिक प्रश्न ठरतो. माझ्या मते हे दोन प्रश्न वेगळे नाहीतच.

टंकलेखन यंत्रावर काम करताना ओळ संपली की हात उचलून गाडा सरकवावा लागे, पान भरले की कागद बदलावा लागे आणि जुनी फाइल हवी असली तर उठून कपाटापर्यंत जावे लागे. त्या काळाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही (त्या जड कळा दाबून बोटेही दुखत), पण तेव्हा कामातच विसावा दडलेला होता. संगणकाने ही उठबस वाचवली आणि वाचलेल्या वेळात आणखी काम भरले गेले. टंकलेखकांची पदे गेली, टंकलेखन मात्र गेले नाही. ते प्रत्येकाच्या टेबलावर आले. पडद्याकडे एकटक पाहताना पापण्यांची उघडझाप कमी होऊन डोळे कोरडे पडतात, मानेचे स्नायू आखडतात, मनगट आणि बोटे दुखू लागतात. आता मसुदे कृत्रिम बुद्धिमत्ता लिहिते, पण त्यातील चुका माणसालाच शोधाव्या लागतात, म्हणजे नजर पुन्हा पडद्यावरच. अशा वेळी ज्याला नोकरी जाण्याची धास्ती आहे, तो हात दुखतो असे वरिष्ठांना सांगणार तरी कसा?

युरोपीय समुदायाने १९९० मध्येच पडद्यासमोरील कामाबाबत निर्देश काढून कामात ठरावीक अंतराने खंड किंवा कामात बदल असावा, नेत्रतपासणीचा भुर्दंड कर्मचाऱ्यावर पडू नये आणि त्याच्या नकळत संगणकाद्वारे त्याच्या कामाची मोजदाद होऊ नये, असे बंधन घातले. यातील शेवटची अट मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण प्रत्येक मिनिटाचा हिशेब यंत्र ठेवू लागले की मिळालेली विश्रांती घेण्याचीही भीती वाटू लागते.

म्हणून यंत्रखरेदीचा प्रस्ताव मंजूर होण्यापूर्वीच, कोणती पदे कमी होणार, त्यांचे काम कोणाकडे जाणार आणि त्याला विश्रांती किती मिळणार, हे व्यवस्थापनाने कर्मचाऱ्यांना लेखी कळवावे, एवढीच मागणी आहे.

आपला,
एक वाचक