ड्रेनेज लाइनच्या लायनिंगचं काम देण्याआधी

मा. अध्यक्ष,
सप्रेम नमस्कार.

आपल्या सोसायटीच्या मागच्या बाजूची ड्रेनेज लाइन न खोदता, आतून लायनिंग करून, म्हणजे जुन्या पाइपात नवं अस्तर बसवून, दुरुस्त करायचा प्रस्ताव समितीपुढे आहे. पद्धत नवखी नाही, 1971 साली लंडनमध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली. तरी कोटेशन मंजूर करण्याआधी लाइनचा कॅमेरा व्हिडिओ मागवावा, तोही जेटिंगनंतरचा, म्हणजे जोराच्या पाण्याने लाइन साफ केल्यावरचा. गाळाखालचा तडा दिसत नाही.

व्हिडिओत आधी पाहायचं ते हे, की कॅमेरा मध्येच पाण्यात बुडतो का. बुडत असेल तर पाइप तिथे खचलाय. लायनिंग जुन्या पाइपाच्याच वळणाने बसतं, त्यामुळे खोलगट भाग तसाच राहतो आणि मैला तिथेच साचतो. तेवढा तुकडा खोदूनच बदलावा लागेल, कोणी काहीही सांगो. तडे आणि सांध्यांतून शिरलेली मुळं यांवर मात्र लायनिंग उत्तम. एखादाच सांधा गेला असेल तर तिथपुरता पॅच पुरतो.

लायनिंग करताना रेझिनमध्ये (घट्ट होणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेली फेल्टची नळी, पायमोजा उलटावा तशी, हवेच्या किंवा पाण्याच्या दाबाने पाइपात उलटत नेतात. मग गरम पाण्याने किंवा वाफेने ती कडक होते. पाइपाचा आतला व्यास प्रत्यक्ष मोजूनच नळी मागवावी. ती मोठी झाली तर सुरकुत्या पडतात आणि त्यांत कागद-कपडा अडकतो. बाहेरून पाणी झिरपत असेल तर ते आधी बंद करावं, नाहीतर तिथलं रेझिन थंड पडून मऊच राहतं.

सगळ्यात मोठा घोळ जोडण्यांचा. नळी बसली की प्रत्येक फ्लॅटकडून येणारी तोंडं झाकली जातात, ती नंतर रोबो कटरने कापून उघडावी लागतात. म्हणून आधीच प्रत्येक संडासातून रंगीत पाणी सोडून कुठली जोडणी चालू आहे ते पाहावं आणि चेंबरपासूनचं तिचं अंतर लिहून ठेवावं. एक जरी राहिली तर त्या घरात पाणी नाहणीतून उलटं येईल. तोंडं उघडेपर्यंत कोणीही पाणी सोडू नये, तशी नोटीस आदल्या दिवशी लावावी. पॉलिएस्टर रेझिन असेल तर त्यातल्या स्टायरीन या रसायनाचा उग्र वास येतो. नाहणी ट्रॅपमध्ये आधीच पाणी भरून ठेवलं तर तो घरात शिरत नाही.

शेवटचा हप्ता काम झाल्यानंतरचा व्हिडिओ पाहूनच द्यावा, ही अट करारात लिहून घ्यावी. सभेत दोन्ही व्हिडिओ दाखवावेत, ही विनंती.

कळावे,
एक सभासद