मुरगळलेला घोटा चोळू नका

संपादक महोदय,

पावसाळी भटकंती सुरू झाली, की निसरड्या पायवाटांवर घोटे मुरगळतात आणि घरी पोहोचताच कोणीतरी तेलाची वाटी घेऊन बसते. पहिले दोन-तीन दिवस तरी चोळणे आणि शेकणे कृपया टाळावे. पाऊल आत वळले, की बहुतेक वेळा घोट्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध (हाडाला हाड जोडणारा पट्टा, लिगामेंट) ताणला जातो किंवा फाटतो. आत रक्त साकळत असताना चोळले, की सूज आणखी वाढते. आंबेहळदीचा लेप हवा तर लावा, पण कढवून गरमगरम नको.

बर्फ रुमालात गुंडाळून 15 ते 20 मिनिटे, दर दोन-तीन तासांनी ठेवावा. क्रेप बँडेज बोटांच्या मुळापासून वरच्या दिशेने, घोट्याभोवती आठच्या आकड्यात बांधावे. बोटे निळसर पडली किंवा मुंग्या आल्या, तर सोडून सैल बांधावे. झोपताना पायाखाली दोन उशा.

‘चालता येतंय, म्हणजे हाड शाबूत आहे’ हेही अर्धवट खरे. कॅनडातील ओटावाच्या डॉक्टरांनी 1992 साली मांडलेली कसोटी सोपी आहे. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या उंचवट्याच्या टोकावर, अथवा मागच्या कडेने वर 6 सेंटिमीटरपर्यंत, बोटाने दाबल्यावर नेमके हाडावर दुखले, तर एक्स-रे काढावा. पडल्यावर लगेच आणि नंतर तपासतानाही लंगडत का होईना, चार पावले टाकता आली नाहीत, तरीही काढावा. करंगळीच्या रेषेत, पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर येणारे हाडही दाबून पाहावे. ते हमखास नजरेतून सुटते. मधुमेहामुळे पाय बधिर असलेल्यांनी या कसोटीवर विसंबू नये.

एक्स-रे ‘नॉर्मल’ आला, की मंडळी निर्धास्त होतात. पण त्यात अस्थिबंध दिसतच नाही! सूज उतरल्यावर तोल सांभाळण्याची सवय पुन्हा लावली नाही, तर तोच घोटा पुन्हा मुरगळतो. दुखणे कमी झाले, की रोज दात घासताना एका पायावर 30 सेकंद उभे राहावे. जमू लागले, की भिंतीजवळ डोळे मिटून. जोडीला टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे आणि सावकाश खाली येणे. हे काही आठवडे चालू ठेवावे लागते. नुसते अँकलेट (घोट्याला आधार देणारा लवचीक मोजा) चढवून भागत नाही.

टाचेच्या वर मागून कोणी लाथ मारल्यासारखा झटका बसला आणि त्या पायाच्या चवड्यावर उभे राहता येईना, तर ती मुरगळ नसून टाचेची शीर (पोटरीचा स्नायू टाचेला जोडणारा जाड दोर) तुटलेली असू शकते. तिथे घरगुती उपायांत दिवस न घालवता थेट अस्थिरोगतज्ज्ञ गाठावा.

– एक फिजिओथेरपिस्ट, पुणे