आखाजीला आमच्या भाचीला सुखरूप आणणाऱ्या चालकदादांस

आदरणीय चालकदादा,

सविनय नमस्कार. आखाजीनिमित्त, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, बहिणीला माहेरी आणण्यासाठी मी मुराळी म्हणून पुण्याला गेलो होतो आणि नाशिक, मालेगाव, धुळे या मार्गाने आपण आम्हाला अमळनेरला आणून सोडलेत. सामान उतरवण्याच्या गडबडीत आपल्याशी नीट बोलणेही झाले नाही, म्हणून हे पत्र. गाडी आपण उत्तम चालवलीत, त्याबद्दल आभार आहेतच. परंतु चार महिन्यांच्या आमच्या भाचीला प्रत्येक थांब्यावर कार सीटमधून बाबागाडीत आणि बाबागाडीतून पुन्हा गाडीत हलवताना आपण जी शिस्त पाळलीत, तिच्याबद्दल मला आज सविस्तर लिहायचे आहे.

बहिणीच्या सासरच्यांनी घेतलेल्या त्या सीटचा खालचा भाग गाडीच्या मागच्या आसनावर पक्का बसवलेला राहतो आणि वरची टोपलीसारखी सीट बाळासकट काढून बाबागाडीच्या सांगाड्यावर बसवता येते. सोय मोठी आहे, कारण झोपलेले बाळ उठत नाही. मात्र या अदलाबदलीत दोन-चार क्षण असे येतात की बाळाचा सगळा भार कोणाच्या तरी हातावर किंवा एखाद्या खटक्यावर असतो, आणि त्या क्षणांची तयारी आधी झालेली असावी लागते. ती तयारी कशी असते हे मी चांदवडच्या पुढे पाहिले. पहिला ढाबा आपण सोडून दिलात, कारण तिथली जागा उताराची होती आणि गाड्या अंगावरून जात होत्या. पुढच्या ढाब्यावर गाडी अशी लावलीत की बाळाच्या बाजूचे, म्हणजे डावीकडचे, दार ढाब्याच्या ओट्याकडे उघडेल आणि रस्ता पलीकडच्या अंगाला राहील.

त्यानंतरही बाळाला कोणी हात लावला नाही. ते आईशेजारी, एसी चालू असलेल्या गाडीत, पट्ट्यांनिशी तसेच राहिले. आपण डिकीतून सांगाडा काढलात, लिंबाच्या सावलीत सपाट जागी उघडलात, बिजागरीचा खटका बसल्याचा आवाज ऐकलात, सांगाडा दोन्ही हातांनी हलवून पाहिलात, ब्रेक दाबलात आणि ब्रेक लागला आहे की नाही हे सांगाडा ढकलून तपासलेत. उतारावर बैलगाडी सोडण्याआधी जाणता शेतकरी चाकाखाली दगड सरकवतो, त्यातलाच हा प्रकार. हे सारे झाल्यावर आपण म्हणालात, “ताई, आता घ्या.” कडेवर बाळ, कानाला मोबाईल आणि पायाने बाबागाडी उघडण्याची धडपड असे दृश्य मी आमच्या बाजारपेठेत अनेकदा पाहिले आहे, म्हणून आपले हे सावकाश काम मला विशेष वाटले.

सीट काढतानाही आपण शेजारी उभे राहून बहिणीला एकेक पायरी सांगितलीत: आधी कडी सरळ उभी करून तिचा खटका बसू द्यायचा, मग मागची खीळ ओढून सीट दोन्ही हातांनी अंगाजवळ धरून सरळ वर उचलायची, आणि सांगाड्यावर ठेवल्यावर दोन्ही बाजूंचे खटके बसले याची खात्री करायची. एकाच बाजूचा खटका बसला तरी सीट वरवर पाहता नीट बसल्यासारखीच दिसते, हे आपण बोट ठेवून दाखवलेत. म्हणून खटक्यांच्या आवाजावर न थांबता सीट थोडी वर ओढून पाहायला लावलेत आणि ती जागची हलली नाही तेव्हाच ब्रेक काढू दिलात. बाळ गाढ झोपले होते, त्यामुळे पट्टे जरा सैल करावेत असे आम्हा दोघांनाही वाटत होते. आपण नम्रपणे थांबवलेत. सैल पट्ट्यातून बाळ खाली सरकले तर तोच पट्टा मानेशी येतो. तेव्हा बाळ सीटमध्ये आहे तोवर पट्टे पूर्ण लावलेले असावेत, नाहीतर बाळ सीटमधून बाहेर घ्यावे, मधली वाट नको, हे आपले म्हणणे आम्हाला लगेच पटले.

धुळ्याला देवपुरात आत्याकडे जेवणाचा थांबा होता. तिथे आपण वेगळेच करायला सांगितलेत. बाबागाडीची पूर्ण आडवी होणारी बैठक लावून बाळाला सीटमधून काढून तिच्यात निजवावे, असे आपण सुचवलेत. या वयात झोपेत मान पुढे कलंडू शकते. अर्धवट बसल्या स्थितीत हनुवटी छातीवर टेकली की श्वासाची वाट अरुंद होते, आणि प्रवासात तळावर घट्ट बसलेल्या सीटचा जो कोन बरोबर असतो तो बाहेर काढून ठेवलेल्या सीटचा राहीलच असे नाही. म्हणून प्रवास थांबला की लांब झोपेसाठी बाळाला सपाट जागी, पाठीवर निजवायचे. बहिणीने बक्कल सोडले, दोन्ही हात पट्ट्यांतून अलगद काढले, एक तळवा मानेखाली आणि दुसरा कमरेखाली घातला, बाळाला छातीशी धरले आणि बाबागाडीत आधी कंबर, मग डोके टेकवले. बाबागाडीचे पट्टे लगेच लावले गेले.

आमची आत्या मायेची, पण हट्टीही. खानदेशातला वैशाख म्हणजे पारा चाळिशीच्या पुढे, तेव्हा बाबागाडीवर ओला पंचा पांघरावा असा तिचा आग्रह होता. पंचाने ऊन अडते तशी हवाही अडते आणि तो वाळला की आतली गरमी आतच कोंडते, हे आपण तिला अहिराणीत समजावलेत. छत्र पुढे ओढून बाजू मोकळ्या ठेवल्या आणि तिची समजूत पटली. परत निघताना गाडी आधी गार करून सीटचे कापड आणि बकलाचा धातू आपण हाताच्या मागच्या बाजूने चाचपलात, आणि दुपटे पट्ट्यांच्या आत न गुंडाळता पट्टे लावल्यावर वरून पांघरायला सांगितलेत, कारण आतल्या घडीमुळे पट्टा घट्ट वाटला तरी सैलच राहतो.

आत्या आमच्यासोबत अमळनेरला येणार होती आणि नात आपल्या मांडीवरच असावी असे तिचे म्हणणे होते. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनुसार १४ वर्षांखालील मूल पट्ट्याशिवाय किंवा योग्य सीटशिवाय नेले तर १,००० रुपये दंड आहे असे मी सांगितले, तर तिने कनवटीला हात घातला! आपण वाद घातला नाहीत. बाळ सीटमध्ये बसून पट्टे लागेपर्यंत गाडी जागची हलवली नाहीत, एवढेच.

संपूर्ण प्रवासात आपण बाळाला स्वतः एकदाही उचलले नाहीत. ते काम आईचे मानून तिच्यासाठी जागा, सावली, ब्रेक आणि खटके आपण तयार ठेवलेत, ही मर्यादा आम्हा सर्वांना फार भावली.

बहीण आखाजीनंतर काही दिवस माहेरी राहून पुण्याला परतणार आहे. त्या प्रवासाला आपणच यावे अशी घरातील सर्वांची विनंती आहे. आमच्या दारापुढे उतार आहे आणि लगेच गटार लागते, त्यामुळे आपली गाडी शेजारच्या मारुतीच्या पारापुढील सपाट जागेत उभी करता येईल असे आम्ही ठरवले आहे. आत्याही तेव्हा धुळ्यापर्यंत सोबत असेल; ती पुढच्या आसनावर बसायला तयार झाली आहे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा ही विनंती.

आपला कृतज्ञ,
बाळाचा मामा, अमळनेर