डबा अजून आमच्याकडेच आहे, मावशी

मावशी,

हे पत्र हातात दिलं असतं तर "ठेव तिथं टेबलावर" म्हणून तुम्ही गॅस बंद करायला आत गेला असतात आणि विषय तिथंच मिटला असता. म्हणून सगळ्यांसमोर लिहितेय. नाव घालत नाही. आमच्या पाचपाखाडीच्या बिल्डिंगमध्ये 'सिस्टर मावशी' म्हटलं की पुरतं.

मे महिना आला की माझ्या पोटात गोळा येतो. मुलांना सुट्टी, पाळणाघराच्या ताई आंब्या-काजूसाठी गावी, ह्यांची नोकरी नाशिकला, माझं ऑफिस ऐरोलीत. मुलांकडे आईनं बघायचं आणि आईकडे मुलांनी, असा यंदाचा बेत होता. बेत कसला, नाइलाज. भाऊ पुण्याहून रोज फोन करायचा, "काही लागलं तर सांग." काय लागतंय हे कळायला तरी सवड हवी ना!

त्यात आईचं काहीतरी बिनसलं. धाकट्याला माझ्या भावाच्या नावानं हाक मारायची, दुधाचं पातेलं देवघरात नेऊन ठेवायची, चालताना भिंत धरायची. डॉक्टरांना दाखवलं, ते म्हणाले, वय झालं. खरं सांगू? मला ते ऐकून हायसं वाटलं. वयाला औषध नाही, म्हणजे रजा टाकायला नको.

तुम्ही त्या सकाळी गव्हाचा चीक घेऊन आलात आणि आईनं तुम्हाला ओळखलं नाही. "हे कधीपासून?" तुम्ही विचारलंत. पंधरा दिवस झाले असतील, मी म्हटलं. "विसरभोळेपणा असा पंधरा दिवसांत येत नाही गं." मग गोळ्यांचा डबा मागितलात. पाणी किती पिते, मीठ खाते का, उलटी झाली का. पावणेआठ वाजले होते, माझी गाडी चुकणार होती, आणि मनात आलं, रिटायर झाल्या तरी ड्यूटी सुटत नाही ह्यांची. ह्याची माफी इथंच मागून टाकते.

महिन्याभरापूर्वी बीपीसाठी नवी गोळी लागली होती, लघवी जास्त होणारी. बीपी म्हणून आईनं आपल्याच मनानं मीठ जवळजवळ सोडलेलं, आणि उन्हाळा म्हणून दिवसाला तीन-तीन लिटर पाणी. तुम्ही म्हणालात, "आजच रक्तातलं सोडियम तपासून घे." मी म्हटलं, शनिवारी नेते. तुम्ही कुठल्या शनिवारपर्यंत थांबताय! लॅबच्या मुलाला घरी बोलावलंत, पैसे तुम्हीच दिलेत. दुपारी साडेतीनला फोन आला, "घाबरू नकोस, पण नीघ. ११६ आलंय."

सोडियम १३५ ते १४५ असावं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं. ऐरोली ते ठाणे लोकलनं, मध्ये एकटं दिघा गाव स्टेशन. तेवढ्या वेळात मी मोबाइलवर जे काही वाचलं ते इथं लिहीत नाही. मी पोचले तेव्हा आई रिक्षातून, तुमच्या खांद्याला टेकून, हॉस्पिटलात पोचलीसुद्धा होती आणि मुलं तुमच्या सुनेकडे जेवत होती.

पाच दिवस ॲडमिट. एवढंसं मीठ भरायला पाच दिवस कशाला, म्हणून मी तिथल्या नर्सवर आवाज चढवला. तुम्ही मला बाहेर बाकावर बसवून सांगितलंत, की सोडियम भरभर वाढलं तर मेंदूला इजा होते, म्हणून दिवसाला आठ-दहाच्या वर चढू देत नाहीत. डॉक्टरांनी ती गोळी बंद करून दुसरी दिली. चौथ्या दिवशी आईनं धाकट्याला त्याच्याच नावानं हाक मारली, आणि लगेच विचारलं, "दूध तापवलं का कुणी?"

आणि मुलं! त्यांची सुट्टी वाया गेली असं मी धरूनच चालले होते. तुम्ही त्यांना गच्चीवर कुरडयांची राखण दिलीत, कावळ्यांवर एक छत्री आणि एक पिचकारी. आई घरी आल्यावर पाण्याचं माप ठेवायचं होतं, तर थोरलीला जुन्या वहीची कोरी पानं काढून दिलीत. 'स. ७.१० चहा १ कप. ९.०० पाणी अर्धा ग्लास.' लघवीचा रकाना लिहायला ती आधी लाजली. तुमची एकच नजर, आणि तो रकाना सगळ्यात नीट भरलेला आहे.

आता शाळा सुरू झाली, वहीही संपली. शेवटच्या पानावर थोरलीनं लिहिलंय, 'मावशी आल्या. चहा २ कप (आजीचा १ च).'

तुमचा स्टीलचा डबा तीन आठवडे आमच्याकडे पडून आहे. रिकामा परत करायचा नाही, म्हणून आई अडून बसली आहे. नारळाच्या वड्या करायच्या आहेत तिला, स्वतः, उभं राहून. मी नको म्हणत होते. तुम्ही येऊन सांगा तिला, किंवा मला.

तुमची,
वरच्या मजल्यावरची