रातांबा पिकतो वैशाखात, अनुदान येते श्रावणात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कोकणातल्या विद्यापीठांत, महाविद्यालयांत नवउद्योगांना सुरुवातीला आधार देणारी इन्क्युबेशन सेंटर सुरू झाल्याच्या आणि नवउद्योजकांना निधी मंजूर झाल्याच्या बातम्या आता वरचेवर वाचायला मिळतात. त्याचे स्वागतच आहे. पण त्या बातम्यांत किती लाख मिळाले एवढेच असते, कोणत्या महिन्यात मिळाले हे नसते. आंबा, काजू, रातांबा (कोकमाचे फळ) यांवर प्रयोग करणाऱ्यासाठी मात्र सगळे त्या महिन्यावरच ठरते. आम्ही या भागात फळप्रक्रिया आणि संशोधन ही दोन्ही कामे करणारी काही माणसे आहोत. विद्यापीठांच्या मदतीचा गाडा नेमका कुठे अडतो, ते तपशीलवार मांडावे म्हणून हे पत्र.

विद्यापीठाच्या संशोधनाने काय होऊ शकते, हे कोकणातल्या बागायतदाराला वेगळे सांगायला नको. दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ 1972 साली सुरू झाले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' हा साका (गरात पडणारा स्पंजासारखा दोष) नसलेला आंबा दिला. 'वेंगुर्ला-4' आणि 'वेंगुर्ला-7' या काजूच्या कलमांनी डोंगरउतारावरच्या पडीक जमिनी उत्पन्नाखाली आणल्या. आंबे उतरवायचा नूतन झेला आणि फळमाशीचा रक्षक सापळा तर आज घरोघरी आहेत. ही कामे पगारी शास्त्रज्ञांनी, वर्षानुवर्षे चाललेल्या प्रकल्पांत केली. एक हंगाम हुकला तर पुढचा धरता येत होता. आज आपण तशाच कामाची अपेक्षा एका पंचविशीतल्या पदवीधराकडून करतो आहोत, तेही दीड वर्षाच्या मुदतीत.

या दीड वर्षाचा हिशेब एकदा मांडून पाहावा. जैवतंत्रज्ञान क्षेत्रातील 'बायरॅक' या केंद्र सरकारच्या संस्थेचे नवउद्योजकांसाठीचे 'बिग' अनुदान 50 लाखांपर्यंतचे, मुदत 18 महिने. नमुना यंत्र किंवा नमुना उत्पादन तयार करण्यासाठीचे केंद्राचे 'निधी-प्रयास' अनुदान 10 लाखांपर्यंतचे, मुदत तीच. काम जानेवारीत सुरू झाले तर मुदत पुढच्या वर्षीच्या जूनअखेर संपते आणि काजू-रातांब्याचे दोन हंगाम हाताशी येतात. पहिल्या हंगामात चुका कळतात, दुसऱ्यात त्या सुधारता येतात. तेच काम जुलैत सुरू झाले तर मुदत पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संपते आणि मध्ये एकच हंगाम येतो. रक्कम तीच, मुदत तीच, पण हाती येणारे काम निम्मे. उसावर किंवा दुधावर काम करणाऱ्याला हा फरक इतका जाणवत नाही, म्हणून दिल्ली-मुंबईत आखलेल्या योजनांत तो कोणाच्या ध्यानात येत नाही. इथल्या विद्यापीठाच्या तो ध्यानात यायलाच हवा.

बोंडूचे, म्हणजे काजूच्या रसाळ फळाचे, उदाहरण घेऊ. काजूबी काढून घेतली की बोंडू झाडाखाली कुजतो. त्यात क जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असते, तरी तो वाया जातो, कारण पडल्यावर काही तासांतच तो आंबायला लागतो आणि त्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे रस घशाला खवखवतो. टॅनिन काढण्याची साधी रीत आहे. लिटरला 5 ग्रॅम साबुदाण्याची पूड थोड्या पाण्यात शिजवून, गार करून रसात ढवळायची, दहा-बारा तास ठेवायचे आणि वरचा निवळ रस काढून घ्यायचा. प्रयोगशाळेत पाच लिटरला हे सहज जमते. पाचशे लिटरला एप्रिलच्या उकाड्यात जमत नाही, कारण त्या दहा-बारा तासांतच रस फसफसू लागतो. मग थंड टाकी लागते किंवा संरक्षक घालावे लागते. सरबत-स्क्वॅशमध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा 350 पीपीएम (दहा लाख भागांत 350), म्हणजे तो देणारे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किलोला साधारण 0.7 ग्रॅम. पण प्यायला तयार पेयात मर्यादा 70 पीपीएमवर येते. तेच मेटाबायसल्फाइट कोकमाला लावले तर रंग उडतो, तिथे सोडियम बेंझोएटकडे जावे लागते. हे सगळे ताज्या फळावर, मोठ्या घाण्यावरच कळते. गोठवलेला बोंडू ऑगस्टमध्ये वितळवून केलेल्या प्रयोगावर कारखाना उभा राहत नाही.

आता पैशाची वाट पाहू. केंद्राच्या 2021 च्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत अर्ज आल्यापासून 45 दिवसांत छाननी आणि 60 दिवसांत पहिला हप्ता, असे इन्क्युबेटरला बंधन आहे. हे तंतोतंत पाळले तरी जानेवारीच्या मध्यावर केलेल्या अर्जाचे पैसे मार्चच्या मध्यावर येणार. तोवर काजू सुरू झालेला असतो. विद्यापीठाच्या स्वतःच्या खात्यातून जाणारी अनुदाने तर आणखी उशिरा पोचतात. नवे आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते, मंजुरी, वाटप, खाते उघडणे यांत पावसाळा लागतो. मंजुरीच्या तारखेआधी केलेला खर्च अनुदानात धरता येत नाही, म्हणून पदरचे घालून फळ घेऊन ठेवायचीही सोय नाही. पुढे मार्चअखेरीला खर्च झाला नाही म्हणून शिल्लक परत मागितली जाते आणि पहिल्या हप्त्याचे उपयोगिता प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामाला खर्च झाल्याचा दाखला) नसल्याने दुसरा अडकतो. ज्या 31 मार्चला हिशेब मागतात, त्या दिवशी रातांबा झाडावर अजून हिरवा असतो. यात लेखा विभागातल्या कोणाची हयगय आहे असे आम्हाला वाटत नाही. नियमाने वागणाऱ्या माणसाकडूनही हेच होते.

यंत्रखरेदीत वेगळीच गोची होते. निविदेला किमान तीन आठवडे, मग तांत्रिक छाननी, मग सर्वांत कमी दर. निविदेत नुसते 'स्टेनलेस स्टील' लिहिले तर 304 प्रतीची टाकी येते, कारण ती स्वस्त. बोंडूच्या रसाला ती चालते. तिथे फक्त लोखंडाचा नटबोल्ट किंवा साधी जाळी रसाला लागता कामा नये, टॅनिन आणि लोह एकत्र आले की रस काळा पडतो. पण आगळ म्हणजे मीठ घातलेला, सामू 2 च्या आसपास असलेला, म्हणजे फारच आंबट, कोकमाचा रस. आम्ल आणि मिठातले क्लोराइड दोन्ही एकत्र आले की 304 ला जोडाच्या जागी बारीक खड्डे पडतात, तिथून गंज धरतो आणि पुढच्या वर्षी टाकी गळते. आगळासाठी 316 प्रतच हवी, जोड आतून घासून आम्लाने साफ केलेले हवेत आणि हे दोन्ही शब्द निविदेत हवेत. हे लिहायला त्या फळावर काम केलेला माणूस खरेदी समितीत बसवावा लागतो. विद्यापीठाकडे अशी माणसे आहेत. नवउद्योजकाच्या खरेदीवेळी मात्र त्यांना कोणी बोलावत नाही.

यावर उपाय म्हणून आमची पहिली मागणी छोट्या हंगामी निधीची आहे. एका प्रयोगाला दोन ते तीन लाख रुपये पुरेत. यातून फळखरेदी, रोजंदारी, बाटल्या-पाऊच, वाहतूक आणि चाचण्या एवढेच करायचे, यंत्रे घ्यायची नाहीत. अर्ज दोन पानांचा असावा आणि त्यात कोणते फळ, किती किलो, कोणत्या आठवड्यात, काय मोजणार एवढे असावे. एक प्रक्रिया तज्ज्ञ, एक लेखाधिकारी आणि बाहेरचा एक उद्योजक अशा तिघांनी तीन आठवड्यांत होय की नाही ते सांगावे. हा निधी केंद्राच्या अनुदानाची उचल म्हणून देऊ नये, कारण मग तो वळता करताना मंजुरीपूर्व खर्चाचा आक्षेप येतोच. तो विद्यापीठाचे स्वतंत्र अर्थसाहाय्य असावा आणि त्याचे हिशेबवर्ष ऑक्टोबर ते सप्टेंबर धरावे.

एवढे पैसे कुठून आणायचे, असे विचारले जाईल. उच्च शिक्षण संस्थांसाठी 2019 साली आलेल्या राष्ट्रीय नवोपक्रम व स्टार्टअप धोरणात संस्थेने वार्षिक अंदाजपत्रकाचा किमान 1 टक्का या कामासाठी ठेवावा असे सांगितले आहे. त्याच धोरणात संस्थेने सुविधा आणि मार्गदर्शनाच्या बदल्यात नव्या कंपनीत 2 ते 9.5 टक्के हिस्सा घ्यायची मुभा आहे. कृषी विद्यापीठे वेगळ्या कायद्याखाली येतात हे खरे, पण त्यांनी हे प्रमाण स्वतःहून धरायला हरकत नाही. तंत्रज्ञान हस्तांतरणाचे शुल्क तर त्यांना मिळतेच. त्यातला ठराविक भाग याच निधीत जमा व्हावा.

दुसरी मागणी प्रक्रिया केंद्रांची. विद्यापीठाच्या आवारातला पल्पर, पाश्चरायझर, ड्रायर हंगामात विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिकापुरता चालतो आणि एरवी झाकून असतो. त्याचा पाळीनुसार दर जाहीर करावा, नोंदणी आधी घ्यावी, यंत्र चालवणारा माणूस विद्यापीठाचाच असावा. इथे एक अडचण आधीच सोडवायला हवी. अन्नसुरक्षेचा परवाना जागेला असतो. त्या केंद्रात काढलेला माल विकायचा तर परवाना त्या जागेचा हवा आणि लेबलवर उत्पादक म्हणून त्याच जागेचा पत्ता यायला हवा. केवळ शिक्षणासाठी असलेल्या केंद्राला तसा परवाना नसेल, तर तिथे केलेले सरबत चाखायला देता येईल, दुकानात ठेवता येणार नाही. आणि दुकानात ठेवल्याशिवाय गिऱ्हाईक किती पैसे मोजेल हे कळत नाही. विद्यापीठाने स्वतःच्या नावे उत्पादक परवाना घ्यावा आणि नवउद्योजकाचे नाव विक्रेता म्हणून छापू द्यावे.

पेटंटबद्दलही दोन शब्द, कारण इथे न भरून येणारे नुकसान होते. शेतकरी मेळाव्यात प्रात्यक्षिक झाले, पोस्टर लागले, प्रबंध ग्रंथालयात गेला की पेटंटला लागणारे नावीन्य संपले. कायद्यातली 12 महिन्यांची सवलत ठराविक प्रदर्शनांना आणि विद्वत्सभेतल्या निबंधवाचनाला आहे, मेळाव्याला नाही. शैक्षणिक संस्थांना शुल्कात 80 टक्के सूट आहे. त्यामुळे तात्पुरता अर्ज 1600 रुपयांत दाखल होतो आणि पूर्ण अर्जासाठी 12 महिने मिळतात. परीक्षणाची मागणी आता 31 महिन्यांच्या आत करावी लागते, पूर्वी 48 होते, हे बऱ्याच मार्गदर्शकांपर्यंत पोचलेले नाही. फळाची नवी जात पेटंटमध्ये येत नाही, तिच्यासाठी 2001 चा वाण संरक्षण कायदा आहे. कोकमाच्या सालीसारख्या जैविक साधनावर आधारित शोध असेल तर पेटंट मिळण्यापूर्वी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी लागते. प्रत्येक महाविद्यालयात पेटंट वकील नेमायची गरज नाही. मेळाव्याच्या यादीत नाव घालण्याआधी आणि प्रबंध सादर करून घेण्याआधी 'अर्ज केला आहे का' हा एक रकाना फॉर्मवर छापला तरी पुष्कळ वाचेल.

कंपनी नोंदणीबाबत थोडक्यात. स्टार्टअप म्हणून केंद्राची मान्यता एकट्याच्या मालकीच्या धंद्याला मिळत नाही, कंपनी, एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) किंवा नोंदणीकृत भागीदारी यांसारखी नोंदणीकृत संस्था लागते. सीड फंडासाठी तर अर्जावेळी कंपनी दोन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. म्हणून उत्साहाच्या भरात विद्यार्थ्याला पहिल्या वर्षीच कंपनी काढायला लावू नये. आधी एक हंगाम प्रयोग करू द्यावा, मग नोंदणी. नाहीतर पहिला हंगाम अनुदानाची वाट पाहण्यात, दुसरा चुका शोधण्यात जातो आणि अर्ज करायच्या वेळी दोन वर्षे उलटलेली असतात.

2023 च्या कायद्याने आलेल्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानने पाच वर्षांसाठी 50 हजार कोटींचे उद्दिष्ट ठेवले आहे आणि मोठ्या संस्थेच्या जोडीने लहान विद्यापीठांना संशोधनात घेण्याची त्याची योजनाही आहे. कोकणातल्या संस्थांनी त्यात जरूर उतरावे. पण तिथूनही पैसा हप्त्यानेच येणार आणि इथला हंगाम त्याच्यासाठी थांबणार नाही.

येत्या हंगामासाठी वेळ अजून आहे. हंगामी निधीची जाहिरात ऑक्टोबरात निघावी, अर्ज नोव्हेंबरअखेर घ्यावेत, निर्णय डिसेंबरात व्हावा आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात पैसे खात्यावर असावेत. म्हणजे फेब्रुवारीत बाटल्या येतील, मार्चमध्ये बोंडूचा पहिला घाणा निघेल, मिरग लागायच्या आत रातांब्याचा शेवटचा. टिकाऊपणाची सहा महिन्यांची चाचणी भर पावसाळ्याच्या दमटपणातून जाऊन डिसेंबरात पुरी होईल. तो अहवाल हातात घेऊन जानेवारीत मोठ्या अनुदानाला अर्ज करता येईल. यासाठी शासननिर्णयाची वाट पाहावी लागत नाही, विद्यापीठाच्या कार्यकारी परिषदेचा एक ठराव पुरतो. परिषदेच्या पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा, अशी कुलगुरूंना या पत्राद्वारे विनंती.

कळावे,
आपले,
फळप्रक्रिया व संशोधन क्षेत्रातील काही कार्यकर्ते, रत्नागिरी-सिंधुदुर्ग